पी-बेस की जे-बेस? वाद्यवृंदासाठी घ्यायचा आहे

चौथीतार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुण्यात हिंदी-मराठी गाण्यांच्या एका वाद्यवृंदात मी बेस गिटार वाजवतो. आजवर ग्रुपच्या मालकीचीच गिटार वाजवत आलो, आता स्वतःची घ्यायची आहे. बजेट ४०,००० च्या आत, म्हणजे स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) किंवा त्याच तोडीचं काहीतरी, नवं चालेल, सेकंडहँडही चालेल. डोक्यात दोनच घडणी आहेत: फेंडरच्या प्रिसिजनची (पी-बेस) किंवा जॅझची (जे-बेस).

दुकानात दोन्ही लावून बघितले. जॅझ हातात घेताच आवडला. नेक बारीक, दोन पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबकी तुकडे), आवाजाला चकाकी, हेडफोनवर एकेक सूर सुटा ऐकू येतो. प्रिसिजन त्यामानाने जाडाभरडा वाटला. पण आमचे कीबोर्डवाले काका म्हणतात, "कार्यक्रमाला प्रिसिजनच घे, डोळे झाकून." का, ते मात्र त्यांना नीट सांगता येत नाही.

आमचा संच असा: दोन कीबोर्ड, एक गिटार, तबला, ढोलक-ढोलकी, ऑक्टोपॅड. ड्रम्स कधी असतात, कधी नसतात. गाणी १९६० पासून आजपर्यंतची, मध्ये एखादी लावणी, कोळीगीतं. एरवी नाट्यगृहं, गणपतीत मंडप. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

खर्ज

काकांचं म्हणणं बरोबर आहे. कारण मी सांगतो, जरा लांबेल.

आधी दोघांचा जन्म बघा. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला लिओ फेंडरने प्रिसिजन बाजारात आणला. त्याआधी बेस म्हणजे माणसाच्या उंचीचा उभा डबल बेस. न्यायला अवघड, आणि ब्रास विभाग सुरू झाला की ऐकूही यायचा नाही. फेंडरने तो आडवा केला, विजेवर चालवला आणि त्याला फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दिले, म्हणून सूर नेमका लागायला लागला. १९५७ ला त्याचा पिकअप बदलला आणि आज आपण बघतो तो दोन तुकड्यांचा, एक वर एक खाली असा बसवलेला पिकअप आला. जॅझ आला १९६० ला. कमरेला तिरकी बॉडी, निमुळता नेक, दोन सिंगल कॉइल पिकअप. कंपनीने तो वरच्या श्रेणीचं मॉडेल म्हणून काढला होता. ३४ इंचांची स्केल (तारेच्या कंपणाऱ्या भागाची लांबी) दोघांची सारखीच.

आता तुमचा प्रश्न. प्रिसिजनचा पिकअप एकच आणि तो तारेच्या अशा जागी बसलेला आहे की खालचे मध्यम सूरपट्टे (लो-मिड) भरून येतात. जॅझचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की ते एकाच तारेला दोन ठिकाणी 'ऐकतात'. काही उपस्वर (मूळ सुरासोबत उठणारे वरचे बारीक सूर) एका जागी वर जात असतात तेव्हा दुसऱ्या जागी खाली येत असतात, त्यामुळे ते एकमेकांना खातात. खाल्ले जातात ते नेमके मधले. उरतो खालचा घुमारा आणि वरची चकाकी. हेडफोनवर हे फार सुंदर लागतं, कारण तिथे बेसच्या वाटेत कुणीच नसतं.

तुमच्या स्टेजवर काय होतं बघा. मोकळी ई तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं देते, ए ५५, डी ७३, जी ९८. मंडपातल्या बऱ्याच स्पीकरांना ४१ झेपतच नाही. प्रेक्षकांना ऐकू येतात ते तिचे दुप्पट, तिप्पट, चौपट उपस्वर, आणि त्यांच्यावरून कान मूळ सूर जुळवून घेतो. त्यात तळाला तबल्याचा डग्गा बसलेला, ढोलकीची धुम बसलेली, ऑक्टोपॅडची किक बसलेली. वर दोन कीबोर्ड आणि गिटार. मोकळी जागा उरते ती मधली. जॅझने नेमकी तीच जागा सोडून दिलेली असते आणि प्रिसिजन तिथेच उभा असतो.

म्हणून मी नेहमी सांगतो, बेस निवडायचा तो बाकीची वाद्यं सुरू असताना. एकट्याने वाजवून निवडू नका.

---

सोल्डरगन

खर्ज यांना पूर्ण अनुमोदन. एक गोष्ट वाढवतो, कारण मी वाद्यं आणि अॅम्प दुरुस्त करतो आणि गणपतीच्या आधी दरवर्षी तीच तक्रार घेऊन पोरं येतात: "बेसमधून घूंऽऽ असा आवाज येतोय."

मंडपातली वीज कशी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. जनरेटर, लाइटवाल्याचे डिमर, एलईडी भिंत, अर्थिंगचा पत्ता नाही. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. ती गिटारच्या तारेचं कंपन पकडते तशी आजूबाजूच्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुणही पकडते. प्रिसिजनच्या १९५७ नंतरच्या पिकअपमध्ये दोन अर्धे तुकडे आहेत, ई-ए तारांखाली एक आणि डी-जी खाली एक. दोघांचं वेटोळं आणि चुंबक उलटसुलट आहेत. तारेचा आवाज शाबूत राहतो आणि बाहेरची गुणगुण दोन्हीकडून विरुद्ध येऊन मरते. नॉब कुठेही ठेवा, हम (ती गुणगुण) नाही.

जॅझमध्ये ही युक्ती दोन पिकअप मिळून करतात. दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे असतील तोवर शांतता. एक थोडा जरी कमी केला की हम डोकं वर काढतो, आणि जॅझची खरी गंमत तर त्या दोन नॉबच्या मधल्या जागांमध्येच आहे. नाट्यगृहात चालून जातं. मंडपात, दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलत असताना, स्पीकरमधून ती घूं ऐकू आली की साउंडवाला पहिलं बेसचं चॅनेल बंद करतो आणि पुढच्या गाण्याला चालू करायला विसरतो.

उपाय आहेत. जॅझसाठी हम न करणारे पिकअप मिळतात, आतून नीट शील्डिंग करता येतं. पण ४०,००० च्या बजेटमध्ये तोही खर्च धरा.

---

मींड

सगळे प्रिसिजनच्या बाजूने दिसताहेत, म्हणून लिहिणं भाग आहे.

मी मुंबईत वाजवते. वाद्यवृंद नव्हे, छोटे संच: सतार, तबला, कीबोर्ड, बेस. माझा बेस जॅझ, तोही फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेला. मागचा पिकअप एकटा उघडायचा, उजवा हात ब्रिजजवळ (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथे) न्यायचा आणि टोन थोडा बंद करायचा. जो आवाज येतो तो गळ्यातून आल्यासारखा असतो, किंचित नाकातला, आणि मींड काढली की एका सुरातून दुसऱ्यात जातानाची सगळी वाट ऐकू येते. प्रिसिजनमध्ये हा स्वर नाही, कारण ब्रिजजवळ पिकअपच नाही.

हे कुणी दाखवून दिलं ते सांगायला नकोच. बेसवादक जाको पास्टोरिअसचा १९६२ चा जॅझ. फ्रेट काढलेले, फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा कडक थर. १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बमपासून बेस हे पुढे येऊन गाणारं वाद्य झालं. ती गिटार १९८० च्या दशकात गहाळ झाली, पुढे वीसेक वर्षांनी सापडली आणि मेटॅलिकाचा बेसवादक रॉबर्ट ट्रुहियोच्या मदतीने जाकोच्या घरच्यांकडे परत आली. मार्कस मिलरचं बघा: १९७७ चा जॅझ, त्यात रॉजर सॅडॉव्स्कीने बसवलेला प्रीअॅम्प (आवाज वाढवणारं सर्किट), दोन्ही पिकअप उघडे, अंगठ्याने ठोका आणि बोटाने उचल. खर्ज ज्याला 'मधलं खाल्लं जातं' म्हणतात त्याच्यावरच तो सगळा स्लॅपचा आवाज उभा आहे. आणि एवढंच कशाला, लेड झेपलिनच्या गोंगाटात जॉन पॉल जोन्सचा १९६२ चा जॅझ स्वच्छ ऐकू येतो. तेव्हा जॅझ गर्दीत हरवतोच असं सरसकट म्हणू नका.

---

खर्ज

@मींड, जाकोबद्दल वादच नाही. पण तुम्ही स्वतःच लिहिलंत की मागचा पिकअप एकटा उघडता. म्हणजे तुम्हीही ती मधली पोकळी टाळूनच वाजवताय. आणि जोन्सच्या भोवती एक गिटार, एक ड्रम सेट आणि एक गायक होता. धागाकर्त्याभोवती दोन कीबोर्ड आणि चार तालवाद्यं आहेत. वाद्याचा कस बदलत नाही, शेजार बदलतो.

---

मींड

शेजाराचा मुद्दा मान्य. माझ्या संचात तबला एकटा असतो आणि तबलजीशी बोलून मी डग्ग्याला जागा सोडते. मात्र धागाकर्त्याला पुढे स्लॅप किंवा फ्रेटलेस करायचं असेल तर त्याने जॅझच घ्यावा, हे मी ठामपणे सांगेन.

---

मडगावकर

गोंयचो नमस्कार. आवाजाचं वर येऊन गेलं, मी हातांचं लिहितो. आमच्याकडे लग्नाचा बॅण्ड चार-चार तास उभ्याने वाजवतो.

नटपाशी (नेकच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथे) जॅझचा नेक दीड इंच, म्हणजे ३८ मिमी. आजकालचे बहुतेक प्रिसिजन १ ५/८ इंच, म्हणजे ४१ मिमीच्या आसपास. जुन्या प्रिसिजनचे पावणेदोन इंचही असत. तीन मिमी कागदावर काहीच नाही, पण पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर करंगळीला विचारा. वरती बाराव्या फ्रेटकडे गेलात की फरक जवळपास संपतो, आणि ब्रिजपाशी तारांचं अंतर दोघांचं सारखंच, म्हणजे उजव्या हाताला सवय बदलावी लागत नाही.

तुमच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण तुमचे गायक पट्टी सांगतात ती काळीची. काळी एक म्हणजे ए तारेवर चौथा फ्रेट. काळी पाच म्हणजे ए तारेवर अगदी पहिला, नाहीतर ई तारेवर सहावा. पांढरी चार म्हणजे ई तारेचा पहिला. मोकळी तार षड्जाला फारशी मिळतच नाही, डावा हात सतत दाबलेला. तळहात लहान असेल तर जॅझचा नेक खरोखर सुख देतो. मध्यम हात असेल तर प्रिसिजनची सवय दोनेक आठवड्यांत होते. माझी झाली.

वजन प्रत्यक्ष उचलूनच बघा. एकाच मॉडेलचे दोन नग वेगळे भरतात, मॉडेलच्या नावावर जाऊ नका. पट्टा रुंद घ्या.

---

तालमीचापोर

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

---

डेट्रॉइटकर

गेली अनेक वर्षं मिशिगनला आहे, म्हणून थोडं इथलं लिहितो. प्रिसिजन म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन ऐकावा.

डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरचं मोटाउनचं घर आज संग्रहालय आहे. स्टुडिओ ए म्हणजे जेमतेम एक मोठी खोली. तिच्यात ड्रम्स, दोन-तीन गिटार, पियानो, व्हायब्राफोन, खंजिरी, सगळे एकत्र बसून वाजवत. त्या दाटीत जेमर्सनचा १९६२ चा प्रिसिजन, बहुतेक वेळा अॅम्पही नाही, थेट मिक्सिंग टेबलला जोडलेला. तारा ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या गुळगुळीत तारा), आणि त्या तो बदलायचाच नाही. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, म्हणजे सूर लांबत नाही, ठोका देऊन थांबतो. उजव्या हाताची फक्त तर्जनी.

आणि एवढ्याशा सामग्रीत त्याने जे वाजवलं ते ऐका. तो मूळ सूर धरून बसत नाही, गायकाच्या दोन ओळींच्या मध्ये वाट काढत फिरतो, तरी गायकाच्या आड येत नाही. साध्या ट्रान्झिस्टरवर, मोटारीच्या छोट्या स्पीकरवर लोकांनी ती गाणी ऐकली आणि बेस ऐकू आला. खर्ज यांनी लिहिलेल्या उपस्वरांचाच हा प्रताप.

'प्रिसिजन म्हणजे मवाळ, जुन्या गाण्यांचा' असा समज कुणाचा असेल तर आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस ऐकावा. तोही प्रिसिजनच, तोही फ्लॅटवाउंड तारांवर. फरक सगळा बोटांच्या जोराचा आणि जागेचा.

---

चौथीतार (धागाकर्ता)

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! दोन शंका.

१. स्क्वायरच्या अॅफिनिटी मालिकेत पीजे मिळतो, पुढे प्रिसिजनचा पिकअप आणि मागे जॅझचा. मग तोच का नको?

२. काही जण म्हणतात थेट पाच तारांचा घ्या.

---

सोल्डरगन

पीजे वाईट नाही. पुढचा पिकअप एकटा उघडलात तर तुमच्या हातात जवळजवळ प्रिसिजनच आहे, हमही नाही. मागचा उघडलात की तो सिंगल कॉइल, त्याला साथ देणारा उलटा जोडीदार नाही, म्हणजे हम आलाच. शिवाय पुढच्याची ताकद जास्त असते, त्यामुळे मागचा मिसळला तरी आवाज खऱ्या जॅझसारखा होत नाही. मागचा पिकअप थोडासा, चवीपुरता उघडायचा आणि मंडपात बंद ठेवायचा, एवढं पथ्य पाळणार असाल तर जरूर घ्या. तुमच्या बजेटमधला माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय.

---

खर्ज

पाच तारांबद्दल: खालची बी तार साधारण ३१ हर्ट्झची. मंडपातले स्पीकर ४१ ला कुरकुरतात, ३१ चं काय करणार? आताच्या काही गाण्यांत कीबोर्ड-बेस फार खाली जातो, तिथे एक सप्तक वर घेऊन वाजवा. चार तारांवर हात बसू दे.

---

चौथीतार (धागाकर्ता)

अपडेट देतो. सोल्डरगन आणि खर्ज यांचं वाचून काकांना गळ घातली आणि रविवारच्या तालमीला दोन्ही बेस आणले, एक मित्राचा जॅझ, एक काकांच्या ओळखीतल्या वादकाचा प्रिसिजन. एकच अॅम्प, नॉब हलवायचे नाहीत असं ठरवलं. आमची निवेदिका खुर्ची घेऊन हॉलच्या मागच्या भिंतीशी बसली, कारण मी अॅम्पच्या शेजारी उभा राहून जे ऐकतो ते प्रेक्षक ऐकत नाहीत.

सत्तरच्या दशकातलं एक शांत हिंदी गाणं आधी घेतलं. त्यात जॅझ अप्रतिम लागला. निवेदिकेचंही तेच मत. मग लावणी. ढोलकीवाल्याने सम गाठून तोडा सुरू केला आणि जॅझचा फक्त तारांचा कटकट आवाज मागे पोचत होता, सूर कोणता ते कळत नव्हतं. मी जोर वाढवला तशी कटकट वाढली. पुढचा पिकअप एकटा ठेवला तेव्हा सूर परत आला, पण अॅम्पमधून गुणगुणही आली. प्रिसिजनवर तोच तोडा वाजवला. मला उभ्या जागी आवाज बोजडच वाटत होता, आणि मागून निवेदिका हाताने खूण करत होती की आता प्रत्येक सूर येतोय. गायिकेने तर गाणं थांबवून सांगितलं, "हे ठेवा, मला षड्ज मिळतोय." तिची पट्टी काळी पाच आहे.

तेव्हा प्रिसिजन. कोथरूडला एका वादकाकडे सेकंडहँड आहे, शनिवारी बघायला जातोय. काय काय तपासू?

---

सोल्डरगन

अॅम्पला जोडण्याआधीच निम्मं कळतं. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. फट मोठी असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली वाक जुळवणारी सळई) आवळावा लागेल, मग विचारा की तो फिरतो का, आणि समोर पाव वळसा फिरवून दाखवायला सांगा. जाम असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. पिकअप बदलता येतो, नेक गेला की वाद्य गेलं.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट सावकाश वाजवा, कुठे तार चरचरते का. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला उपस्वर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. थोडा फरक ब्रिजवरच्या स्क्रूने जातो. शेवटी जोडा. व्हॉल्यूम आणि टोन फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, पॉट (नॉबखालचा फिरता भाग) साफ करून जाते. न गेल्यास २५० के चा नवा पॉट लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या बुधवार-शुक्रवारात कुठेही मिळेल. प्रिसिजनच्या आत असतं किती? दोन पॉट, एक कपॅसिटर, एक जॅक. दुरुस्तीला याच्याइतकं सोपं वाद्य दुसरं नाही.

---

चौथीतार (धागाकर्ता)

घेतला! ट्रस रॉड फिरतो, फ्रेट छान आहेत. टोनचा पॉट खरखरतो तेवढाच. तारा मात्र काळ्या पडल्यात. जेमर्सनबद्दल वाचल्यापासून फ्लॅटवाउंडचं मनात आहे. लावू का? गणपतीला अजून अवकाश आहे.

---

डेट्रॉइटकर

अभिनंदन! लावा. पण जेमर्सनच्या मापाच्या जाड नकोत, बोटं सोलतील. ४५ ते १०५ (इंचाच्या हजाराव्या भागात जाडी) च्या आसपासच्या घ्या. पहिले काही दिवस आवाज जरा तेजच वाटेल, मग बसतो आणि तसाच राहतो. फ्लॅट वर्षानुवर्षं चालतात, त्यामुळे महाग वाटल्या तरी पैसे वसूल होतात. आजची गाणी वाजवताना चमक कमी पडली तर टोन पूर्ण उघडा आणि हात थोडा ब्रिजकडे न्या.

---

खर्ज

अभिनंदन. तारांचा ताण बदलला की नेकही बदलतो. नव्या तारा लावून दोन दिवस ट्यून करून ठेवा आणि मगच सेटिंग करा, त्याआधी नको. पावसाळा सुरू झाला की लाकूड पुन्हा हलेल, तेव्हा गणपतीच्या साधारण दहा दिवस आधी ती व्हिजिटिंग कार्डाची फट परत बघा. ट्रस रॉड एका वेळी पाव वळशाच्या वर फिरवायचा नाही, मग रात्रभर थांबायचं. ब्रिजखाली फोम घालणार असाल तर आधी लावणीला घालून बघा, कोळीगीतांना काढा.